दोन झटके

यातलं काहीही मी रचलेलं नाही. आजही बेसा गावी मामाच्या घरी जायचं म्हटलं की मी टाळायला बघतो.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा. उमरेड रोडपासून आत एक बंद पडलेली खदान होती. आत काळंशार, खोल पाणी.

केशवमामा नौदलात पाणबुड्या होता. निवृत्त झाला आणि पाठीवर बांधायची हवेची टाकी घेऊन गावी परतला. शामलामामी मात्र विहिरीत डोकावायलाही भ्यायची. पाणबुड्याची बायको पाण्याला भिते, यात मामाला स्वतःची बेइज्जती वाटायची. हेकट माणूस! हात धुऊन तिच्या मागे लागला.

"नका नं नेऊ मले. जीव घाबरते माझा."

"काहून भिऊन राहिली वं? मी आहो नं वरते!"

खदानीवर त्यानं तिच्या पाठीवर टाकी चढवली, कमरेला दोर बांधला. एक झटका म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे वर ओढा.

भर दुपारी मामी पाण्याखाली गेली.

थोड्या वेळानं... दोन झटके.

मामा हसला. "थोडं सोसू दे. भीती मोडते."

पुन्हा दोन. इतके जोरात की त्याचे तळवे सोलवटले.

त्यानं ओढलं नाही.

मग काहीच नाही...

मग सावकाश, एक झटका.

"पाहा, जमलं!" म्हणत त्यानं दोर ओढला. दोर हलका आला. टोकाची गाठ तशीच. कमरेएवढा फास रिकामा.

"मस्त वाटलं हो खाली."

मामी त्याच्या मागे खडकावर बसली होती. लुगडं कोरडं. केस कोरडे.

"टाकी... टाकी कुठी आहे?"

"राहू द्या नं तिच्याजवळ."

मामा तिला घेऊन घरी आला. बायको शेजारी उभी असताना खदानीत शोधा म्हणून सांगणार तरी कोणाला?

तेव्हापासून ती स्वयंपाक करते, गोड बोलते. फक्त झोपली की तिची छाती हलत नाही.

दोर खुंटीला टांगलेला आहे. रोज दुपारी तो आपोआप ताणला जातो. दोन झटके... पुन्हा दोन...

मामा भिंतीकडे तोंड करून बसतो. चुलीजवळून ती हसते.

"थोडं सोसू द्या. भीती मोडते."

परवा मी तिथं जेवायला बसलो होतो. झटके अजून येतात...

पण हल्ली फार हळू.