उजव्या सीटवरची मास्तरीण

आम्ही दोघांनी एकाच क्षणी गाडीच्या उजव्या दाराला हात घातला. समुद्रावरून असला वारा सुटला होता की माझे केस तोंडात जात होते, वहीची पानं फडफडत होती, आणि माझ्या बोटांवर कुणा परक्याची गारेगार बोटं होती…

"तुम्ही बसा," तो म्हणाला.

"नको, तुम्हीच बसा."

"मी बसलो तर गाडी तुम्हाला चालवावी लागेल हां."

"मग राहू द्या. मी बसते."

आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं आणि शिकवणारा उजवीकडे बसतो, पायाशी क्लच-ब्रेकची दुसरी जोडी घेऊन. बिझेर्त बंदरातल्या त्या केंद्रात आम्ही बाराही जण ड्रायव्हिंग शिकवण्याचा परवाना मिळवायला आलो होतो. साहजिकच पहिल्या सकाळी प्रत्येकाला उजवी सीट हवी होती. सहा गाड्या, सहा उजवी दारं, प्रत्येक दाराशी दोघं दोघं… आणि डावीकडे चिटपाखरू नाही!

पायरीवर उभे राहून सी मुन्सिफ हे सगळं बघत होते. शिकवायचे तेच आणि शेवटी परीक्षा घ्यायचे तेही तेच. नावाआधी आदराचं 'सी' न लावता त्यांना हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

"वा! बारा मास्तर आणि शिकणारं कुणीच नाही," ते म्हणाले. "आता ज्याच्याशी दारावरून भांडताय, तोच तुमचा जोडीदार. सहा आठवडे. एक दिवस एकाने मास्तर व्हायचं, दुसऱ्याने शिकाऊ. आणि शिकाऊ झालात की नीट चुका करायच्या. छान गाडी चालवणाऱ्याला शिकवायला काय जातं?"

माझा जोडीदार वाकून डाव्या दाराकडे गेला. जाता जाता म्हणाला, "हैथम. मासळीची गाडी चालवायचो. वास आला तर सांगा, काच खाली करीन."

"दोरसाफ. आणि काच आधीच खाली करा."

तो हसला. पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले होते. हे मला का दिसावं…?

शिकाऊ व्हायचं म्हणजे बाकीचे लोक गिअर चुकवायचे, आरसा विसरायचे, झालं. हैथम मात्र रोज कुणीतरी वेगळंच होऊन यायचा. एके दिवशी तो साठ वर्षांची जोहरामावशी झाला. सीट पार पुढे ओढून, स्टिअरिंगला पोट टेकवून.

"बाई, हा क्लच रोज लागतो का हो? की फक्त शुक्रवारी?"

"रोज लागतो, मावशी."

"अगं बाई! मग ह्यांनी एवढी वर्षं कशी चालवली? ह्यांना तर घरात पाण्याचा ग्लास उचलवत नाही."

मी हसले की माझे गुण जायचे. मास्तरने हसायचं नाही, असं आमच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ओठ चावत समोर बघायची, आणि तो मुद्दाम आणखी खालच्या आवाजात विचारायचा, "बाई, तुम्हाला बरं नाहीये का? चेहरा लाल झालाय…"

दुपारी आम्ही बंदरावरच्या टपरीत लब्लाबी खायचो. वाफाळणारे हरभरे, वर जिरं आणि हरीसा, म्हणजे लाल मिरचीचा ठेचा. शिळा पाव आपल्या हाताने कुस्करून वाडग्यात टाकायचा. माझ्या बोटांना तो कडक पाव तुटायचा नाही. हैथम बोलता बोलता माझा वाडगा स्वतःकडे ओढायचा, पाव कुस्करायचा आणि परत सरकवायचा. बोलणं कुठे थांबायचं नाही, माझ्याकडे बघायचाही नाही. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की मी आता पाव स्वतः तोडायचा प्रयत्नसुद्धा करत नाही.

पण मी तिथे पाव कुस्करून घ्यायला गेले नव्हते.

मला परवाना हवा होता. मागच्या वर्षी मी याच परीक्षेत नापास झाले होते. परीक्षेत मास्तरने आपला ब्रेक दोनदा दाबला तर चालतं, तिसऱ्यांदा दाबला की गाडीतून उतरायचं. मी नवव्या मिनिटाला उतरले होते. यंदा पुन्हा तेच झालं तर दोन वर्षं अर्जच करता येणार नव्हता. तिकडे आमच्या गावी, मन्झिल बुर्गिबात, जलीलाबाईंनी त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधली जागा माझ्यासाठी फेब्रुवारी संपेपर्यंत अडवून ठेवली होती. शिकवायला बाई असेल तर उद्यापासून येऊ, असं म्हणणाऱ्या एकोणीस जणींची नावं त्यांनी मला दाखवली. अकरावं नाव माझ्या आईचं होतं. मला न सांगता घालून आली होती.

आणि माझा पाय… तो माझं ऐकेल तर शपथ! शेजारचा चुकणार असं वाटलं, की मनात विचार यायच्या आधी ब्रेक दाबलेला असायचा.

"तुमचा पाय फार प्रेमळ आहे," हैथम एकदा म्हणाला. "कुणाला चुकूच देत नाही. पण बाई, माझी चूक मला दिसायला तर हवी ना? दिसायच्या आधीच तुम्ही ती पुसून टाकता."

"धडकल्यावर दिसू दे का?"

"धडकायच्या थोडं आधी. तेवढीच तर जागा आहे, तिथेच शिकवायचं असतं."

हे तो गंमतीत म्हणाला नव्हता. त्या रात्री ती ओळ मी वहीत लिहून ठेवली.

पाचव्या आठवड्यात सी मुन्सिफांनी एक दिवस जोड्या बदलल्या. मला स्लीम नावाचा एक दांडगा गडी मिळाला. त्याने दोन सिग्नल तोडले, एका कोंबडीला जवळजवळ स्वर्गात पोहोचवलं, पण माझा ब्रेक किती वेळा? एकदाही नाही! दुसऱ्या दिवशी पुन्हा हैथम. चार वेळा.

मागच्या सीटवरून सी मुन्सिफांनी चष्मा पुसत विचारलं, "पोरी, हा काय काचेचा आहे?"

माझे कान इतके तापले की मी काच खाली केली. हैथम स्टिअरिंगवरची अदृश्य धूळ झटकत बसला. त्या दिवशी जोहरामावशी आल्या नाहीत. कुणीच आलं नाही. फक्त तो होता, आणि तो फार नीट गाडी चालवत होता…

परीक्षेच्या दिवशी शिकाऊ चिठ्ठी टाकून ठरतो, आणि पुढे त्याची परीक्षा आली की आपण त्याचे शिकाऊ. त्या शिकाऊला आणखी एक बंद चिठ्ठी मिळते. तिच्यात तीन चुका लिहिलेल्या असतात. त्या त्याने वाटेत करायच्या आणि मास्तरने पकडायच्या. दोन तरी पकडायलाच हव्यात. पोरांनी खुणा ठरवून ठेवल्या होत्या. चूक करायच्या आधी कुणी नाक खाजवणार होतं, कुणी खोकणार होतं.

मी भांड्यातून नाव उचललं. हैथम.

जिन्यात त्याने मला गाठलं. "ऐका. चुकीच्या आधी मी घसा खाकरेन. हळूच."

"नाही."

"दोरसाफ, दोन वर्षांचा प्रश्न आहे."

"म्हणूनच नाही. त्या एकोणीस जणी काय चुकायच्या आधी खाकरणार आहेत? चुकायचं तर नीट चुका. मी पकडीन."

 तो नुसतं बघत राहिला… आणि मी दोन पायऱ्या एकदम उतरले.

गाडी निघाली. मागे सी मुन्सिफ, मांडीवर कागद लावलेली पाटी, हातात पेन्सिल. पहिली चूक गल्लीच्या तोंडाशीच झाली. तो डावा आरसा न बघता रस्त्यावर आला. पकडली. मग बाजाराचा रस्ता, शाळा, वळण… काहीच नाही. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चाललेली. आणि मागे पेन्सिल खरखरली.

 पेन्सिल चालली म्हणजे चूक होऊन गेली होती आणि मी ती पाहिली नव्हती! मी हैथमकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम, फेब्रुवारीच्या थंडीत. मग मला कळलं. हा शहाणा चुका करत होता, पण इतक्या हलक्या, इतक्या जपून, की मला ब्रेकची आठवणही होऊ नये. माझा पाय वाचवायच्या नादात तो मला नापास करत होता.

तेवढ्यात भोंगा वाजला. समोर दांडा खाली आला, तांबडे दिवे लुकलुकले, आणि बिझेर्तचा पूल हळूहळू वर उचलला जायला लागला. खालून कुठलंसं मोठं जहाज समुद्रातून आतल्या खाडीसारख्या तळ्याकडे निघालं होतं. म्हणजे वीस मिनिटं तरी गेली.

"गाडी बंद करा," मी म्हणाले.

त्याने केली.  वारा काचेवर धडका देत होता. अशा वेळी मास्तरने गप्प बसायचं नसतं, शिकाऊशी आतापर्यंतच्या चालवण्याबद्दल बोलायचं असतं. मी घसा साफ केला.

"आपण तुमच्या चुकीबद्दल बोलू."

"बोला, बाई."

"शाळेपाशी तुम्ही अर्धा क्लच दाबून ठेवला होता. आत्ता लक्षात आलं मला. उशिरा."

मागे पेन्सिल थांबली.

"पण त्याहून मोठी चूक दुसरी आहे. केंद्रापासून इथपर्यंत तुम्ही सात वेळा माझ्याकडे पाहिलंत. मी काय आरसा आहे? रस्ता समोर आहे."

हैथमने समोर पाहिलं. मग अगदी साळसूदपणे म्हणाला, "बाई, समोर रस्ता आकाशात गेलाय."

खरंच गेला होता. पुलाचा अख्खा तुकडा आमच्यापुढे भिंतीसारखा उभा होता, वर रस्त्याच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. मी ओठ चावला.

"म्हणून माझ्याकडे बघायचं?"

"म्हणून नाही. मी भितोय."

"कशाला?"

"तुम्ही नापास व्हाल म्हणून. आणि…" त्याचा आवाज एकदम खाली आला. ना मावशी, ना मासळीवाला. "आणि तुम्ही पास व्हाल म्हणूनही. पास झालात की मन्झिल बुर्गिबाला जाल. मग दुपारी मी कुणाचा पाव कुस्करू? दोरसाफ, मला तुझ्याशिवाय आता जेवताच येत नाही…"

जहाज किती मोठं होतं, त्याचा रंग काय होता, मला काही आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मागची सीट करकरली.

"ही चूक चिठ्ठीत नाही," सी मुन्सिफ म्हणाले.

आता काय करायचं? मान खाली घालावी? रडावं? माझं हृदय असं उड्या मारत होतं की गाडी बंद असूनही हलतेय असं वाटावं. पण मी उजव्या सीटवर होते.

"चिठ्ठीत नाही, सी मुन्सिफ," मी म्हणाले, "पण खरी आहे. शिकाऊ माणूस शिकवणाऱ्याला खूश ठेवायला गाडी चालवतो, आणि त्यात रस्ता सोडतो. हे रोज होणार. हे सुधारायला नको?" मग त्याच्याकडे वळले. "ऐका. माझ्या पायाची काळजी माझी. तुमची काळजी फक्त रस्ता. राहिलेली चूक पूर्ण करा. घाबरवा मला. कळलं?"

"कळलं, बाई."

"आणि बाकीचं… ते गाडी थांबल्यावर."

पूल खाली आला. दांडा उठला. हैथमने गाडी चालू केली, आरसा पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही.

पलीकडच्या सर्कलकडे आम्ही जायला लागलो तसा मला त्याचा पाय दिसला. ब्रेककडे सरकतच नव्हता. डावीकडून एक मोपेड येत होती, मागे संत्र्यांच्या दोन टोपल्या बांधलेल्या. चाळीस पावलं. तीस. माझा तळवा पेडलच्या वर, एका बोटाच्या अंतरावर. सगळं अंग ओरडत होतं, दाब, दाब! ही तीच जागा होती… धडकायच्या थोडं आधीची.

"डावीकडे कोण आहे?" मी हळू विचारलं.

"मोपेड."

"आधी कोण जाणार?"

"ती."

"मग तुमचा पाय कुठे आहे?"

त्याने ब्रेक दाबला. स्वतः. गाडी रेषेच्या अलीकडे मऊ थांबली. संत्रीवाल्याने जाता जाता आम्हाला एक अस्सल बिझेर्ती शिवी घातली, आणि आजवर मला इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. माझा पाय अजून हवेतच होता.  हवेत!

केंद्राच्या अंगणात गाडी थांबली. सी मुन्सिफांनी पाटीवर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी नखं तळहातात रुतवून बसले होते.

"ब्रेक शून्य. चुका तीनपैकी दोन वेळेत, एक उशिरा," ते म्हणाले. "आणि एक चिठ्ठीबाहेरची. पास. जा, आईला फोन कर."

मी किंचाळले, की हसले, की दोन्ही… हैथमने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि हॉर्न वाजला, कारण तो कोपराने त्यावरच आडवा झाला होता.

"गाडी थांबली," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग? बाकीचं?"

मी दार उघडलं. वारा आत आला. आता धीर गेला तर पुन्हा यायचा नाही, म्हणून एका दमात बोलून टाकलं. "येत्या रविवारी चार वाजता, आमच्या घरी. तुमच्या आईला घेऊन या. बाबांना गोड कॉफी चालत नाही, आणि मासे आणू नका, बंदरावरून आलाय हे त्यांना नंतर सांगू."

 मग त्याच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते मी कुठल्या शब्दांत सांगू!

"रविवारी नाही," मागून आवाज आला.

आम्ही दोघंही वळलो. सी मुन्सिफ कागद गोळा करत होते.

"सोमवारी याची परीक्षा आहे. शिकाऊ तू. आणि शिकाऊ मास्तरच्या नात्यातला किंवा त्याच्याशी लग्न ठरलेला चालत नाही, नियम चौदा. रविवारी ठरवलंत तर सोमवारी मला याला परत पाठवावं लागेल." त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "मंगळवारी जा. तोवर तुमची दोघांची ओळखसुद्धा नाही."

ते उतरून गेले. मी आणि हैथम गाडीतच. मी शक्य तितक्या परक्या नजरेने त्याच्याकडे पाहायला सुरुवात केली.

"आपण कोण?" मी विचारलं.

"बघा ना, आठवतच नाही," तो म्हणाला. "मंगळवारी सांगतो."

आणि तो इतका ओढूनताणून गंभीर राहत होता, की माझ्याच्याने दोन सेकंदसुद्धा परकं राहवलं नाही.