शनिवारचे सहा किलोवॅट

साडेचारलाच काळोख पडला होता. मी फक्त एक मीटर बघायला निघाले होते, तेही तिसऱ्यांदा.

आमच्या तळ्याकाठी सातच घरं, त्यांची विजेची कामं मीच करते. वीज आणणारी तार जुनी, बारीक, सगळ्यांना एकदम न पुरणारी. म्हणून विद्यापीठाने इथे प्रयोग मांडला. घरोघरी नवी मीटरं बसली, आणि कोणाला कधी किती वीज द्यायची ते संगणक ठरवू लागला. ज्याला नड जास्त, त्याला आधी.

संगणकाच्या मते सगळ्यात जास्त नड निघाली तौनोच्या घराला. तौनो नोव्हेंबरात वारला, घराला कुलूप. तरी दर शनिवारी पाच ते साडेसहा तिथे सहा किलोवॅट जायचे, सॉनाची, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत न्हायच्या खोलीची, भट्टी ओढते तेवढेच. आणि तेवढा वेळ शेजारच्या आयलीमावशीचे हीटर बंद. बाहेर उणे अठ्ठावीस, मावशी चौऱ्याऐंशीची. गेल्या शनिवारी तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिले.

दोनदा मीटर बदललं. प्रयोगाच्या कार्यालयातल्या यार्मोला तर रोजच फोन. तो शांतपणे म्हणायचा, आकडा आहे म्हणजे माणूस आहे. अरे बाबा, माणूस पुरलाय, त्याच्या दफनानंतरची कॉफी मीच ओतली, असं सांगितलं. त्याने तक्रार नोंदवून घेतली. नेहमीसारखी.

पाच वाजता तौनोच्या सॉनाचं दार उघडलं. आत मिट्ट काळोख. भट्टीच्या दगडांना हात लावला, बोट चिकटेल इतके गार. पण न्हाताना अंगावर मारतात त्या ओल्या बर्चच्या पानांचा वास येत होता... ताजा. भिंतीवर मीटरचा आकडा पेटलेला. सहा.

तिन्ही फ्यूज उपटले आणि खिशात घातले.

"पुरे कर आता, तौनो," मी रागाने बोलले. "म्हातारी गारठून मरेल."

पाठीमागे चर्र झालं. गार दगडावर पाणी पडलं तर असा आवाज होत नाही.

मी थांबले नाही. मावशीकडे जाऊन सगळं सांगितलं. तिचे हीटर सुरू झाले होते, पण तिचा चेहरा उतरला.

"निघताना दगडांवर शेवटचं पाणी टाकलंस का, पोरी? आपल्या मागून न्हायला येणाऱ्या मेलेल्यांसाठी टाकतो ते?"

"रागात राहून गेलं."

"म्हणजे त्याचं न्हाणं अर्धंच राहिलं..." एवढंच ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी यार्मोने आपणहून फोन केला. तक्रार मिटली म्हणे. तौनोकडे शून्य, वीज आता मावशीकडे. सहा किलोवॅट, पाचपासून.

मावशीच्या सॉनातली भट्टी अकरा वर्षांपूर्वी काढली. तारा मीच सोडवल्या होत्या. आता तिथे सायकली ठेवलेल्या असतात.

मी तिला फोन लावला.

"गारठली नाहीस ना, मावशी?"

"नाही गं. घामाने भिजलेय." मग अगदी हळू, "सॉनाचं दार उघडत नाहीये... आणि तो पाणी टाकतोच आहे."

यार्मोला म्हटलं, तिची वीज तोड, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, एवढ्या थंडीत म्हाताऱ्या माणसाची वीज तोडायला नियमाने बंदी आहे. आकडा आता नऊवर गेलाय, तक्रार नोंदवू का?

राहिलेलं शेवटचं पाणी टाकायला मी बादली घेऊन मावशीकडे धावत सुटले. अर्ध्या वाटेवर ध्यानात आलं, तिथे पाणी टाकायला दगडच नाहीत.