सात चालेल?

"पुढचे कोण?" असं आतून विचारलं गेलं आणि बाहेरच्या बाकावरची दोन माणसं एकदम उठली.

"मी आधी आलेय," बाई म्हणाल्या.

"कधी? दहाला," शेजारचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ अदबीने म्हणाले.

"कधी नाही हो, आधी."

"तेच सांगतोय. दहाला."

कानाच्या मशीनच्या दुकानात असले संवाद नित्याचेच. काउंटरवरच्या मुलीने मानही वर न करता सांगितलं, "दोघंही या आत. खुर्च्या दोन आहेत."

खरं तर बाईंना तिथे यायचंच नव्हतं. त्यांची सगळी नोकरी पहिलीच्या वर्गाकडून 'त तलवारीतला, थ थडग्यातला' घोकून घेण्यात गेलेली. मागच्या बाकावर कुणी गोळी चघळली, तरी फळ्याकडे तोंड करून त्यांना कळायचं. आणि आता सूनबाई स्वयंपाकघरातून हाका मारून दमायची. तेही चालवून घेतलं असतं, पण गाणं... गाणं म्हणजे बाईंचा जीव की प्राण. यजमान गेल्यावर त्यांना गाण्यानेच माणसांत ठेवलं होतं. गायनमंडळात त्या पहिल्या रांगेत उभ्या राहत. पण वरचे सूर ऐकू येईनासे झाले, आपला आवाज कुठे लागतोय ते कळेना, तेव्हापासून त्या नुसते ओठ हलवत होत्या. ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं. मशीनने जमलं तर ठीक, नाहीतर मंडळाला रामराम ठोकायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मशीन कानात बसलं आणि सगळं जग अंगावर आलं. खुर्ची करकरली, पर्सची चेन कुरकुरली. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी खिशातून गोळी काढली, तर तिचा कागद पत्र्यासारखा वाजला.

"घेणार?" त्यांनी विचारलं. "दाताच्या डॉक्टरने गोळी देऊ नये. पण आता मी निवृत्त आहे."

"दातांचे डॉक्टर आणि कानांच्या दुकानात?"

"ड्रिलची कृपा. आयुष्यभर लोकांना आ करायला लावलं, ते कानांना भोवलं. बायको होती तोवर ती दोघांच्या वाटचं ऐकायची..." डॉक्टर मिशीत हसले. "आता माउथ ऑर्गन शिकतोय. तोंडाची सवय सुटत नाही."

बाई खुदकन हसल्या. स्वतःचंच हसू इतकं लख्ख ऐकू आलं, की त्या लाजल्यासुद्धा.

बाहेर भुरभुर पाऊस पडत होता. हॉर्नचा गलका सोसेना, म्हणून बाईंनी मशीन काढून डबीत ठेवलं. डॉक्टरांनी छत्री उघडली आणि अर्ध्याहून जास्त बाईंच्या डोक्यावर धरली. स्वतःचा खांदा भिजतोय याचं त्यांना भान नव्हतं, किंवा असलं तरी तक्रार नव्हती.

"माझ्याकडे जुन्या रेकॉर्ड्स आहेत," ते त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. "रविवारी या. नव्या कानांनी जुनी गाणी ऐकू." मग जरा चाचरत, "सात... चालेल?"

बाईंना ऐकू आलं — साथ चालेल?

त्यांची कानशिलं तापली. या वयात, भर रस्त्यात, आणि तेही पहिल्याच भेटीत...

"अहो, असं एकदम कसं सांगू?" त्या पुटपुटल्या. "मुलाला, सुनेला विचारायला हवं."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "संध्याकाळी सातला यायला?"

"सातला..." बाईंच्या डोक्यात उजेड पडला. "हो हो. सात. सात चालेल."

"मग आधी काय ऐकू आलं होतं?"

"तेच. दुसरं काय?" असं म्हणून बाई छत्रीतून निघाल्या आणि झपझप चालू लागल्या.

घरी सूनबाईने विचारलं, "आई, कसं आहे मशीन?"

"बरा आहे," बाई म्हणाल्या. सूनबाईने भुवई उंचावली.

रविवारी डॉक्टरांनी बाईंच्या आवडीची रेकॉर्ड लावली. बाई डोळे मिटून बसल्या आणि दोनच ओळींत त्यांचा चेहरा पडला. मशीन काढावं तर गाणं गोधडीखाली गेल्यासारखं, घालावं तर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. त्यांचे डोळे भरून आले.

"हे गाणं मी लग्नाआधीपासून ऐकतेय. तेसुद्धा गेलं. उद्या मशीन परत करते आणि मंडळ सोडते. किती दिवस नुसते ओठ हलवू?"

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून झालं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

डॉक्टरांनी समजूत घातली नाही. रेकॉर्ड थांबवली, माउथ ऑर्गन काढला आणि तेच गाणं वाजवायला घेतलं. दोन जागी चुकले, पण थांबले नाहीत.

"इतकं खाली का वाजवताय?" बाईंनी विचारलं.

"वर गेलं की मलाही ऐकू येत नाही. आणि वर जायची घाई कशाला, तिकडे जायचंच आहे."

रडता रडता बाईंना हसू फुटलं, आणि त्या हसण्यातूनच आवाज निघाला. जाडसर झाला होता, जरा खरखरीत. ओळीच्या मध्येच श्वास तुटत होता. पण तो त्यांचा त्यांना ऐकू येत होता. गाणं गेलं असं त्या समजत होत्या; पट्टी तेवढी उतरली होती. पुढचं कडवं त्या ओठांनी नाही, गळ्याने गायल्या. इतका आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"मंडळ सोडू नका," डॉक्टर म्हणाले. "वर चढताना बाकीच्यांनाही धाप लागत असेलच. त्यांना खाली बोलवा."

"बोलावते," बाई म्हणाल्या. मशीन परत करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

डॉक्टर माउथ ऑर्गन रुमालाने पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"एक विचारू? त्या दिवशी छत्रीत काय ऐकू आलं होतं?"

"सातच," बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "फक्त त्यात... श्वास थोडा जास्त होता."

डॉक्टरांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला. एकदा साधा, एकदा श्वास सोडून. मग त्यांच्या पांढऱ्या मिशांखालचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"मग आता तसंच विचारतो," ते म्हणाले. "साथ चालेल?"

मशीन कानात होतं. अक्षर न् अक्षर पोहोचलं होतं. तरी बाईंनी कानामागे हात धरला, वर्गात धरायच्या तसा.

"स्पष्ट बोला. त तलवारीतला की थ थडग्यातला?"

"थडग्यातला," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे... तिथपर्यंतची."

बाईंनी हात पुढे करून डॉक्टरांचा तो रुमाल काढून घेतला आणि आपले डोळे टिपले.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण खालच्या पट्टीत."