निलेशच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या धाकट्या जावेच्या, कमलच्या घरात घडलेली आहे. माझा पोटचा मुलगा दीपक तिथे हजर होता. शिकलेल्यांना नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. मुरडून झालं की पुढे वाचा.

लालबाग. चाळीचा दुसरा मजला. गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार, दुपारचे तीन.

हो, लख्ख दुपार.

कमलचा निलेश बोटीवर नोकरीला. बायको अनुजा गरोदर राहिली तेव्हा त्याने घरच्या कॉम्प्युटरला एक गोल कॅमेरा आणून लावला. "आई, पोर झालं की मी बोटीवरून बघणार."

त्याने पोर बघितलंच नाही. दोन महिन्यांत बोटीवर पाय घसरला… आणि घरी पेटी आली.

बाणगंगेवर दहाव्याला कावळा शिवेना. "आईला सांभाळू" म्हणून झालं. "बायकोला अंतर देणार नाही" म्हणून झालं. कावळे वर बसून नुसते बघत होते. शेवटी कमलने हात जोडले.

"निलेश, तुझं लेकरू तुला दाखवीन."

तोंडातला शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर.

पुढे मुलगी झाली, नाव ठेवलं पूर्वी. पण निलेशचा फोटो दिसला की अनुजा ओक्साबोक्शी रडायची, म्हणून कमलने तो ट्रंकेत घातला. मी म्हटलं होतं, बाई, कावळ्यासमोर दिलेला शब्द आहे, पोरीला एकदा फोटोसमोर धर. पण माझं ऐकेल तर ती कमल कसली!

पाच वर्षं गेली.

अनुजाला घरबसल्या टायपिंगचं काम मिळत होतं. कॉम्प्युटर मात्र चालू व्हायला अर्धा तास घ्यायचा. तो बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच हात वर केले होते.

"काकी, भंगारात दे," दीपक म्हणाला.

"तुलाच घालते भंगारात, मेल्या! माझ्या निलेशची वस्तू आहे ती."

"बरं बाई. मग विंडोज काढून लिनक्स टाकतो. फुकटचं असतं, जुन्या मशीनवर पण पळतं. आधी पेनड्राईव्हवरून चालवून बघू, कुठला पार्ट ओळखतंय नि कुठला नाही."

त्याने पेनड्राईव्ह खुपसला. पंखा घरघरला. पडदा उजळला.

आवाज? ओळखला नाही.

वायफाय? नाही.

प्रिंटर? नाही.

"वहिनी, हे तर नव्या नवरीसारखं कुणालाच ओळखत नाही," दीपक हसला आणि चहाचा कप उचलला.

तेवढ्यात…

कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला.

"अरे वा! कंपनी ज्याला विसरली त्याला ह्याने बरोबर ओळखलं."

"पण तू चालू कधी केलास?" अनुजाने विचारलं.

दीपकच्या एका हातात कप होता, दुसऱ्यात बशी.

पडद्यावर खोली दिसत होती. खाट. कमल. अनुजा. सगळं जागच्या जागी.

मग शेजारून खेळून पूर्वी आली आणि टेबलासमोर उभी राहिली. अगदी गुमान. ही पोर एरवी झोपेतही गुमान नसते.

कमलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पडद्याकडे बघितलं…

पडद्यावर कमल नव्हती.

अनुजा नव्हती. दीपक नव्हता. खाट नव्हती.

एकटी पूर्वी.

शेजारचा कुकर, गॅलरीतली भांडी, खालचे हॉर्न… सगळे आवाज बंद. फक्त पंख्याची घरघर.

"दीपक…" कमलने पडद्याकडे बोट दाखवलं. "हे जवळ का येतंय रे?"

पूर्वी जागची हलली नव्हती. कॅमेराही नाही.

पण पडद्यावर तिचा चेहरा मोठा होत होता. हळूहळू… कुणीतरी वाकून बघावं तसा.

आता नुसते डोळे.

कमलने कॅमेऱ्याची वायर खेचली. वायर हातात आली.

हिरवा दिवा तसाच.

दीपकने भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा थांबला. पडदा काळा झाला.

हिरवा दिवा तसाच.

अनुजाने पोरीला उचललं आणि बाहेर धूम ठोकली. त्या दोघी उंबऱ्याबाहेर पडल्या… तेव्हा कुठे दिवा विझला.

गॅलरीच्या कठड्यावर कावळा बसला होता. ओरडत नव्हता.

कॉम्प्युटर त्याच संध्याकाळी भंगारात गेला. कॅमेरा दीपकने शिवडीच्या खाडीत टाकला. कमलने फोटो ट्रंकेतून काढून भिंतीवर लावला, पूर्वीला समोर उभं केलं, नारळ ठेवला. "निलेश, दाखवली रे बाबा. आता सुटलास."

आम्हीही सुटलो असंच वाटलं.

पुढच्या गुरुवारी मी तिथेच होते. कमल आणि मी तांदूळ निवडत बसलो होतो. पूर्वी खेळत होती. घड्याळात तीन वाजले.

पोरीने बाहुली खाली ठेवली. स्वतःचे केस नीट केले. रिकाम्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. भिंतीवरच्या फोटोकडे तिची पाठ होती.

कमलने धावत जाऊन तिचा दंड धरला. "चल गो, पूर्वी. हल… चल इकडे!"

पूर्वीने मान वळवली नाही.

"थांब ना आजी. अजून बघतायत."

तेव्हापासून दर गुरुवारी हेच. गेल्या आठवड्यात अर्धा तास. काल अंधार पडेपर्यंत.

कमल आता घास गिळत नाही. आज माझा हात धरून म्हणाली, "वयनी, दाखवीन म्हणाले मी. किती वेळ… तेवढं बोलायचं राहिलं."