नव्या कार्डाची रात्र

दिवा तसाच बंद राहू दे, यी-रू. बाहेर अगरबत्त्या जळतायत, तेवढा उजेड पुरे.

ही आ-खुनची गोष्ट. माझ्याच दुकानात शिकलेला, आता चाळिशीला आलाय. गेल्या वर्षी सातव्या महिन्याची पौर्णिमा होती, भटक्या मृतात्म्यांना खाऊ घालायची रात्र. संध्याकाळी मिनश्योंगच्या डायलिसिस क्लिनिकमधून त्याला फोन आला, की कॉम्प्युटर सारखा अडकतोय. कोणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, कोणाला कुठलं औषध, सगळं त्या एका कॉम्प्युटरमध्ये. आणि पहाटेच्या पहिल्या पाळीतल्या पेशंटमध्ये आ-खुनची आई.

डिस्क ठणठणीत होती. ती ज्या कार्डाला जोडलेली, ते कार्ड शेवटच्या घटका मोजत होतं. आ-खुननं ते काढलं, नवं बसवलं, आणि आपल्या रीतीप्रमाणे कॉम्प्युटरवर नारळाच्या खाऊची हिरवी बंद पुडी ठेवली. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवीच लागते, पिवळी ठेवली तर मशीन अडतं.

"पिवळी पुडी ठेवली असणार त्यानं, काका."

गप गं. हिरवीच होती, तारीखही उलटलेली नव्हती. मीच दिली होती.

बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरलं, मग सगळं निळं. आपोआप बंद, परत सुरू, परत निळं. मध्यरात्र उलटली. रात्रपाळीची नर्स स्यू-चिन म्हणाली, "खुनदादा, सकाळी पेशंटना मशीनवर काय अंदाजानं लावू? तुझ्या आईलासुद्धा?" आणि चहा करायला आत गेली.

आ-खुन पार खचला. पुडीपुढे हात जोडून म्हणाला, "कोणीतरी सांभाळा."

हसू नकोस. मागायचं तर मशीनलाच म्हणायचं, बाळा, नीट वाग. त्या रात्री मेलेल्यांच्या जगाची दारं उघडी असतात. त्या रात्री 'कोणीतरी' म्हणायचं नसतं.

बाहेरच्या खुर्च्यांकडून आवाज आला. म्हातारा, दमलेला.

"माझा नंबर लागला का?"

"बसा आजोबा. हे सुरू होऊ दे." वर न बघताच बोलला. लवकर आलेला पेशंट वाटला त्याला.

परत निळं.

"लागला का?" या वेळी जवळून.

तेवढ्यात त्याला चूक कळली. नव्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोजकडे नव्हताच. सुरू होताना विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नव्हती. आ-खुननं जुनं कार्ड परत लावलं, नवं शेजारच्या खाचेत. डिस्क जुन्यावरच ठेवली. जुनं कार्ड धापा टाकत का होईना, चाललं. विंडोजनं नवं ओळखलं, ड्रायव्हर बसला. मग सगळं बंद करून डिस्कची वायर नव्या कार्डावर.

बटण.

गोल फिरलं... फिरत राहिलं...

मानेवर श्वास. गार.

"लागला का?"

पडदा उजळला. पेशंटची नावं दिसली. आईचंही.

"लागला, आजोबा." तो वळला.

खुर्च्या रिकाम्या. शटर आतून बंद.

स्यू-चिन चहा घेऊन दारात उभी. "कोणाशी बोलत होतास?"

...

पहाटे आई पहिल्या खाटेवर निजली. आकडे बरोबर होते, औषध बरोबर होतं. आ-खुननं अवजारं भरली. पुडी तिथेच राहू द्यायची असते. पण ती तिरकी झाली होती, म्हणून सरळ करायला त्यानं हात लावला.

हलकी लागली.

सगळीकडून चाचपली. कुठेही फाटलेली नाही. सील जसंच्या तसं.

कानाशी धरून हलवली...

आत काहीच नव्हतं.