दादाच्या गाडीचं हँडल

जाम झालेल्या इंजिनाशी दांडगाई चालत नाही. रुसलेल्या पोरासारखं त्याला गोंजारावं लागतं, हे धाकट्याला दादानेच शिकवलं होतं. म्हणून चारही प्लग काढून त्याने एकेका भोकात डिझेल आणि तेल ओतलं, बोनेटवरून हात फिरवला, आणि लोखंडाचा राग उतरायची वाट बघत बसला.

दादाने आणखी एक शिकवलं होतं. गाडी सुरू करायला समोरून हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटतो. वळलेल्या मुठीतला अंगठा मात्र जातो.

आणि दादाचाच गेला. भंगारातून दोघांनी मिळून उभी केलेली ही मोटार. त्या दिवशी स्टिअरिंगवर धाकटा होता. स्विच बंद आहे, म्हणजे इंजिन पेटणार नाही, या भरवशावर समोर हँडल फिरवताना दादाने बेफिकीर मूठ वळली. झटका बसला. "स्विच तूच चालू केलास," दादा म्हणाला. त्यानंतर भावाभावांत शब्द नाही. गाडी शेडमध्ये गंजत राहिली आणि गेल्या थंडीत दादाही गेला.

वहिनी चहा घेऊन आली. "भावजी, हललं का काही?"

"हलेल. लोखंडच आहे, माणूस थोडंच आहे!"

"तुमच्या घराण्यात लोखंडच बरं म्हणायचं. शेवटपर्यंत म्हणत होते, माझा अंगठा त्याच्याकडे राहिलाय."

चहा कडू लागला. "मी स्विचला हात लावला नव्हता, वहिनी."

"मला काय सांगता? त्यांना सांगायचं होतंत."

धाकट्याने मनाशी ठरवलं होतं : हे इंजिन सुटलं, की दादाच्या मनातली अढीही सुटली म्हणायची.

त्याने इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पुलीवर खडूची रेघ मारली. हँडल जरासं पुढे, जरासं मागे. रेघ बोटभर सरकली. खूश होऊन तो हात धुवून आला, तर रेघ जुन्या जागी.

त्याने पुन्हा सरकवली. पाठ फिरवली. रेघ परत जागेवर.

"वहिनी, हँडलला हात लावलात?"

"मी? मला तर त्या गाडीकडे बघवतही नाही," दारातून ती म्हणाली.

या वेळी तो डोळ्यांत तेल घालून बसला. भर दुपारी, उन्हाच्या पट्ट्यात, रेघ त्याच्यादेखत सावकाश मागे आली. प्लगच्या भोकातून एक बुडबुडा फुटला. कुणी रोखलेला श्वास सोडावा तसा.

"दादा," तो पुटपुटला, "मी नव्हतो रे."

त्याने हँडल ओढलं. इंजिन लोण्यासारखं फिरलं.

"सुटलं!" वहिनी ओरडली.

धाकट्याचे डोळे भरून आले. हँडल त्याने पुन्हा धरलं, दादाने शिकवलं तसंच, अंगठा बोटांच्या बाजूला.

त्याच्या हातावर कुणाची तरी बोटं आली. उबदार, तेलकट. चारच.

हात हलेना.

त्या बोटांनी त्याचा अंगठा अलगद उचलला. हँडलच्या पलीकडून नेला. मूठ वळून दिली.

गाडीत कुणी नव्हतं. बॅटरी केव्हाच काढलेली होती.

आत, स्टिअरिंगपाशी, स्विच खट्‌कन चालू झाला.