दाराला आडवा पलंग

हिंगोलीहून पलंग घेऊन प्रभूचा पिकअप कनेरगाव नाक्यावर आला, तेव्हा दिपाली पुढची जागा सोडून मागे पलंगाजवळच बसली होती. ऊन मी म्हणत होतं. तिचा एक हात उशाच्या फळीवर होता आणि दुसऱ्या हातात ठमी, म्हणजे तिची सव्वा वर्षाची लेक. कागदावर नाव धनश्री, पण ते आतापर्यंत कोणी हाकेला वापरलं नव्हतं. ढाब्यावरच्या लोकांनी वळून बघितलं तशी दिपाली पदर सावरून आणखी ताठ बसली. बघा म्हणावं, चार वर्षं वाट बघितली आहे या पलंगाची.

चार वर्षं म्हणजे लग्न झाल्यापासून. नाक्यापासून जरा आत, ओढ्याच्या अंगाला त्यांचं घर. मधल्या घरात एका भिंतीला सासू-सासरे, दुसऱ्या भिंतीला हे दोघं, आणि मध्ये दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं. सासूबाई सत्यभामाबाई झोपल्या की घोरायच्या आणि जाग्या असल्या की खोकायच्या. त्यामुळे त्या झोपल्यात की जाग्या आहेत हे नवरा-बायकोला बिनचूक कळायचं, एवढाच काय तो फायदा.

अखेर घरामागे स्लॅबची एक खोली उभी राहिली. पूर्वी त्या जागी मेंढरांचा वाडा होता, म्हणजे बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण आणि आत शे-दीडशे मेंढरं. सासरे मसाजींनी मेंढरं विकून हळद लावली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. गोठ्यात उरल्या होत्या दोन शेळ्या, त्याही सत्यभामाबाईंना करमत नाही म्हणून.

खोली सजवण्यात दिपालीनं जीव ओतला. फोन तापून बंद पडेपर्यंत तिनं सजावटीचे व्हिडिओ बघितले होते. भिंतींना पिस्ता रंग, उशामागच्या भिंतीला विटांसारखा दिसणारा चिकटकागद, खिडकीला दोन पदरी पडदे, बाटलीत मनीप्लँट, आणि छताच्या कडेनं बारीक दिव्यांची माळ. आत जागा वाचावी म्हणून दारसुद्धा बाहेर उघडणारं करून घेतलं. व्हिडिओतली एक बाई बोट नाचवून सांगायची, ‘एक चूक मात्र कधीच करू नका. पलंग दाराला आडवा लावू नका.’ दिपालीनं हे वाक्य देवाच्या आरतीसारखं पाठ केलं होतं. प्रभू आणि नाक्यावरचे त्याचे तीन दोस्त अशा चौघांनी घाम गाळत तो जड पेटीपलंग आत नेला आणि दारापासून लांब, विटांच्या भिंतीला लावून दिला. मसाजी उंबऱ्यात उभे राहून बघत होते.

संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून दिपाली खोलीकडे आली. दार उघडलं, तर समोर पलंग. चौकटीला टेकून, दाराला बरोबर आडवा. आत जायचं तर पलंगावर चढूनच जावं लागणार होतं. आणि खोलीतून वास येत होता ओल्या लोकरीचा.

‘‘आत्याबाई!’’ तिनं तिथूनच हाक मारली. ‘‘माहा पलंग काहून हालवला?’’

‘‘मी काहून हालवू गं?’’ सत्यभामाबाई चुलीपुढून म्हणाल्या. ‘‘माहे गुडघे मला अंगणापर्यंत जाऊ देईनात, अन् मी पलंग ढकलून राहिले व्हय?’’

प्रभू आला. त्यानं डोकं खाजवून निदान केलं, ‘‘फरशीला उतार असंल.’’ मग खिशातून एक गोटी काढून फरशीवर ठेवली. गोटी जागची हलली नाही. दोस्तांना परत बोलावून पलंग भिंतीला लावला, त्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दिपालीनं दुपारीच खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. दिवेलागणीला कुलूप काढलं, तर पलंग दारात हजर. तिसऱ्या दिवशी तेच. नाक्यावरचे दोस्त आता प्रभूचा फोन उचलेनासे झाले.

घरात कुजबुज सुरू झाली. सासूला सुनेचा संशय, सुनेला सासूचा, आणि प्रभूला दोघींचाही, पण तो शहाणा असल्यामुळे बोलत नव्हता. शेवटी मसाजींनीच तोंड उघडलं.

‘‘आईतवारपर्यंत बघू, पोरी. पलंग जाग्यावर ठरला तर खोली तुमची. न्हाई तर हळदीची पोती टाकू तिथं. लेकरू घेऊन असल्या जागी निजायचं न्हाई.’’

दिपालीला रडूच कोसळलं. पिस्ता रंगाच्या भिंती, दोन पदरी पडदे, आणि आत हळदीची पोती! पुन्हा ते दोरीवरचं लुगडं, पुन्हा ते खोकणं. ती परसात शेळीच्या गळ्यात पडून रडत होती, तेव्हा सत्यभामाबाई गुडघे धरत तिथवर आल्या आणि तिच्याजवळ बसल्या.

‘‘रडू नको. तुला सांगायलाच पायजे होतं,’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘तुझं दार हाय ना, बराबर तिथंच वाड्याचं तोंड होतं. माहे थोरले दीर, नागोजी. लगीन केलं न्हाई. सारा जलम वाड्याच्या तोंडाशी आडवे निजले. थंडी असो का पाणी असो. म्हणायचे, मीच दार हाव. लांडग्याला आत जायचं तर पैले माह्या अंगावरून जावं लागंल.’’

‘‘मंग ते…’’

‘‘त्यांना जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. पर दिवेलागणीला मेंढरं आत घ्यायची सवय. ती कशी जाईल?’’ सत्यभामाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि एकदम हसल्या. ‘‘लई गमतीचा माणूस. कोनी इच्यारलं, किती मेंढरं हायेत, तर नुसते हसायचे. मोजायची ती मनात. दिवेलागणीला आकडा तोंडातून काढला की लांडग्याला ऐकू जातो म्हणायचे.’’

पण हे शेवटचं दिपालीच्या कानावरून गेलं. मोठे सासरे आहेत, भूतबीत नाही, एवढं कळताच तिची भीती निम्मी झाली होती आणि तिच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरू लागलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची समजूत काढणं हा तर सुनेचा रोजचा धंदा.

शनिवारी दिवस कलला तशी तिनं ठमीला सासूकडे दिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि खोलीत जाऊन मधोमध स्टुलावर बसली. समोर दार. पाठीमागे खिडकी; उजेड यावा म्हणून तिनं पडदे सारून ती उघडी ठेवली होती. खिडकीपलीकडे ओढा आणि झुडपं. गोठ्यातली शेळी एकदा ओरडली आणि गप्प झाली. मग वीज गेली. दिव्यांची माळ विझली.

आधी वास आला. ओली लोकर, लेंड्या, तंबाखू. मग आवाज… लांबून येणाऱ्या घुंगरांचा. तो जवळ आला, दारातून आत आला, तिच्या पायाशी पसरला. काहीतरी उबदार तिच्या पोटऱ्यांना घासून गेलं. एक, मग दुसरं, मग कितीतरी. नव्या फरशीवर अंग टाकल्याचे मऊ आवाज झाले. दिपालीनं पाय स्टुलावर घेतले, हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली आणि डोळे उघडेच ठेवले.

पलंग निघाला. ओरखडा नाही, कुरकुर नाही. जनावर जागा बदलतं तसा तो निवांत सरकत गेला, दाराला आडवा झाला आणि थांबला. गादी मधोमध दबली. कोणीतरी दमून बसलं होतं.

‘‘मामाजी…’’ दिपाली दबलेल्या गादीकडे बघत म्हणाली. ‘‘मी प्रभूची बायकू. तुमी मला पाह्यलं न्हाई. मामाजी, मेंढरं तर कवाच इकली. वाडा उठला. आता ही माही खोली हाय. लई हौसेनं केली.’’

घुंगरं मंद वाजत होती.

‘‘आत… किती हायेत?’’

आवाज घोगरा होता, अगदी हळू. तो समोरून न येता पाठीकडून आल्यासारखा वाटला. पण नव्या खोलीत आवाज घुमतोच. तिनं मागे वळून बघितलं नाही. उलट तिला जरा बरंच वाटलं. मोठ्या सासऱ्यांनी चौकशी केली होती.

‘‘एकच हाय,’’ ती कौतुकानं म्हणाली. ‘‘ठमी. माही लेक.’’

घुंगरं एकदम थांबली. दबलेली गादी झटक्यात वर आली, बसलेला माणूस ताडकन उठावा तशी. दिपालीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. तिनं घाईघाईनं हात जोडले.

‘‘तुमी दारातच निजा, मी न्हाई कुठं म्हणते! तुमाला येगळी बाज देते, घोंगडी देते. पर माहा पलंग तेवढा भिंतीला राहू द्या, मामाजी.’’

मग वीज आली, दिव्यांची माळ लकलकली, आणि पलंग विटांच्या भिंतीला लावलेला दिसला.

रविवारी दिपालीनं गोठ्याच्या माळ्यावरून नागोजींची बाज काढली. लाकूड अजून खणखणीत होतं. प्रभूनं ती नव्या पिस्ता रंगाच्या नवारीनं विणून दिली, कारण ठरवलेला रंग सोडायला दिपाली मेल्या माणसासाठीही तयार नव्हती. सत्यभामाबाईंनी पेटीतून दिरांची काळी घोंगडी काढली, उन्हात झटकली आणि बाजेवर अंथरली. मसाजी घोंगडीवरून हात फिरवत म्हणाले, ‘‘बरं झालं. दादाला जागा झाली.’’ हळदीच्या पोत्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यानंतरचे दिवस मोठे मजेत गेले. दिवसा बाज भिंतीला असायची आणि दिवेलागणीला दाराला आडवी व्हायची. ती आडवी करायचं काम कोणालाच पडत नसे. दिपाली दाराशी येऊन म्हणायची, ‘‘सरा की जरा, मामाजी,’’ आणि बाज वीतभर सरकायची. सकाळी घोंगडी हाताला गरम लागायची. सत्यभामाबाई बाजेच्या पायाशी तंबाखूची चिमूट ठेवायच्या आणि ती संपलेली बघून ‘‘भावजीची सवय काही सुटत न्हाई’’ असं लाडानं पुटपुटायच्या. प्रभूची चुलतबहीण प्रतिक्षा हिंगोलीहून खोली बघायला आली, तर बाकी सगळं सोडून बाजेवरच भाळली.

‘‘वहिनी, काय लूक आलाय! हे ऑनलाइन मागवलं का?’’

‘‘न्हाई, घरचंच हाय,’’ दिपाली म्हणाली आणि आत जाऊन पोट धरून हसली.

दीड-दोन महिने गेले. एका गुरुवारी ती प्रभूबरोबर ठमीला घेऊन हिंगोलीला गेली. प्रभू पिकअपचं टायर बदलून घेत होता, तेवढ्यात ती दवाखान्यात जाऊन आली. तिथला कागद तिनं पर्समध्ये तळाशी ठेवला. ही बातमी नवऱ्याला रस्त्यात सांगायची नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. आज रात्री सांगायची. आपल्या खोलीत, दिव्यांची माळ लावून. त्यासाठीच तर खोली केली होती. सगळ्या वाटेनं ती आपल्याशीच हसत होती.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मसाजी आणि सत्यभामाबाई खोलीच्या दारात उभे होते. दारात बाज नव्हती. ती खिडकीला आडवी, गजांखाली भिंतीला घट्ट भिडलेली होती.

‘‘काकाला हवा पायजे असंल,’’ प्रभू हसत म्हणाला.

मसाजी हसले नाहीत. त्यांनी मूठ उघडून दाखवली. मुठीत राखाडी, राठ केसांचा पुंजका होता.

‘‘खिडकीच्या वरच्या गजाला होता. भायेरून. लांडगा एवढा उंच जात न्हाई. अन् खाली मातीत एक पाऊल न्हाई.’’ मग त्यांनी सुनेकडे बघितलं. ‘‘पोरी, त्या दिशी तू दादासंगं बोलली. त्यानं काही इच्यारलं व्हतं का?’’

‘‘व्हय. आत किती हायेत म्हणून. मी म्हणलं, एकच, ठमी.’’

सत्यभामाबाईंचा हात तोंडावर गेला. मसाजींचा आवाज इतका खाली आला की प्रभूला पुढे वाकावं लागलं.

‘‘दादा आकडा कधी इच्यारत नसे… कुनाला बोलूबी देत नसे.’’

दिपालीला तो आवाज आठवला. पलंग समोर होता, दाराशी. आवाज पाठीमागून आला होता. आणि पाठीमागे खिडकी उघडी होती. तिनं ठमीला छातीशी इतकं आवळलं की पोरगी कळवळली.

त्याच वेळी वीज गेली. खिडकीची बाज करकरली. कोणीतरी तिच्यावर उठून बसलं होतं. आणि गजांपलीकडून, अगदी हळू, घोगरा आवाज आला.

‘‘आता… दोन ना?’’

‘‘दोन कुठले गं बाई?’’ सत्यभामाबाई कुजबुजल्या.

दिपालीचा हात पोटावर गेला होता. पर्समधला कागद अजून कोणीही बघितला नव्हता. खिडकीला मामाजी आहेत, तिच्या मनात आलं. मग दाराला कोण?

तिनं ठमीला सासूच्या कडेवर दिलं, सगळ्यांना आत ओढून घेतलं, पदर कमरेला खोचला आणि पलंगाला खांदा लावला. चार माणसांनी घाम गाळून आणलेला पेटीपलंग. तो सरकला, विटांच्या भिंतीपासून सुटला, फरशीवरून थेट दाराकडे निघाला आणि चौकटीला आडवा जाऊन बसला.

‘‘बरं झालं तुमी हात लावला,’’ ती धापा टाकत अंधारातच प्रभूला म्हणाली. ‘‘मला एकटीला जमलं नसतं.’’

‘‘मी?’’ खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून प्रभूचा आवाज आला. ‘‘मी तर इकडं बाबांचा हात धरून उभा हाय.’’

पलंगाच्या पलीकडच्या टोकाला गादी हळूहळू दबत गेली. आणि खिडकीची बाज अजून करकरत होती.